न आलेल्यांची हजेरी

समोर बसलेल्या माणसाला सोडून न आलेल्या माणसाची चौकशी करणं हा जर गुन्हा असता, तर आमचे फुवा केव्हाच नंदुरबारच्या तुरुंगात गेले असते. आणि तिथंही त्यांनी जेलरला पहिला प्रश्न हाच विचारला असता की पळून गेलेले कैदी कोण कोण. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. पेशानं ते वाणिज्याचे प्राध्यापक. राहतात नंदुरबारात, शिकवतात शहाद्याशेजारच्या लोणखेड्याच्या एका कॉलेजात, आणि त्यांचं उरलेलं आयुष्य या दोन गावांमधल्या एसटीत जातं. वर्गात शिरले की ते भरलेल्या बाकांकडे बघतसुद्धा नाहीत. रिकाम्या बाकासमोर जाऊन उभे राहतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि त्या मोकळ्या जागेला अशा मायेनं न्याहाळतात की तिथं बसणारा मुलगा घरी बसल्या बसल्या ओशाळत असेल. मी एकदा विचारलं, "फुवा, जे आलेत त्यांच्याकडे बघा की जरा." तर आपल्या अहिराणीत म्हणाले, "जो हजर शे त्याले काय देखनं? तो ते समोरच शे. जो नही उना त्याले देख."

ही खोड वर्गापुरती राहिली असती तर तिला शिस्त म्हणता आलं असतं. पण फुवा लग्नात हजेरी घेतात, बारशात घेतात, एसटीत तर रोज घेतात. शहाद्याच्या सकाळच्या गाडीत बसल्याबरोबर मागे वळून एक नजर टाकायची आणि कंडक्टरला सांगायचं, "थांब भो, प्रकाशा गावन्या नर्सबाई नही उन्यात अजून." एकदा गाडी अशीच बराच वेळ खोळंबली. ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला, माणसं कुरकुरायला लागली. शेवटी कंडक्टर हात जोडून म्हणाला, "सर, त्या नर्सबाई मागला महिनाले रिटायर व्हई गयात! आते काय तिस्ना घर गाडी ली जाऊ?" सगळी गाडी हसली. फुवा मात्र गंभीर. "मंग कोनी सांगं नही ते?" म्हणून दिवसभर हळहळत राहिले. निरोप न देता कुणी गैरहजर राहावं हे त्यांना सहनच होत नाही.

पण त्याच खोडीनं एका नवरीची लाजही राखली आहे. नात्यातलं लग्न होतं. अंतरपाट धरलेला, भटजींनी सूर लावलेला, बाहेर बँड असा की कानाचे पडदे हलावेत. सगळे नवरा-नवरीकडे बघत होते. फुवा तेवढे नवरीच्या मागची रिकामी जागा बघत होते. "नवरीना मामा कोठे शे?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. फुईनं कोपरानं ढोसलं, "चूप बसा हो!" पण फुवा कुठले ऐकतात! त्यांनी बँड थांबवला. आणि बँड थांबल्याबरोबर मंगल कार्यालयाच्या न्हाणीघरातून दारावर थापा मारत ओरडणाऱ्या मामांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. कडी अडकून ते बिचारे केव्हापासून आत कोंडले गेले होते. तेव्हापासून आमच्या भाऊबंदात कुठलंही कार्य निघालं की पत्रिका आधी देवापुढं ठेवतात, मग फुवांना देतात.

टीव्हीवरच्या चर्चा तर फुवांसोबत बघूच नयेत. पाणीटंचाईवर चर्चा रंगलेली असते, पडद्यावर चौकटींत तज्ज्ञ भांडत असतात, आणि फुवा हातातला घास तसाच धरून विचारतात, "ह्या बठा मानसे पानीवर बोली ऱ्हायनात. पानी भरनारी बाई कोठे शे?" फुई म्हणते, "ती पानी भरी ऱ्हायनी. तिले टाइम शे का बोलाले? तुम्ही जेवा." आता हे वाक्य एखाद्या पत्रकात छापलं तर चळवळ उभी राहील, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं. पत्रकं हा माझ्या जिवाचा विषय. माझे वडील आयुष्यभर जंगल-जमिनीच्या मोर्च्यांची पत्रकं लिहीत आले. आमच्या घरी मुळाक्षरांच्या तक्त्याऐवजी पत्रकंच होती. मी 'अ' अननसाचा न शिकता अन्यायाचा शिकले. त्यामुळे मीही लिहायला लागले ती उद्गारचिन्हांनीच. फुवा मला 'पत्रकवाली' म्हणतात. मी नवं पत्रक नेऊन दिलं की ते लाल पेन काढतात. 'आम्ही याचा तीव्र निषेध करतो' या ओळीतल्या 'आम्ही'खाली रेघ मारून विचारतात, "ह्या कोन कोन शेत? नावं सांग." मी भांडते. भांडून झालं की फुई चहा देते. आमचं नातं असं उद्गारचिन्ह आणि लाल पेन यांच्या मधलं आहे.

तर अशा या माणसानं, बरोबरीचे लोक गुडघ्याचे पट्टे विकत घेतात त्या वयात, पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय ऐकून मी कपाळावर हात मारला. 'कंपन्यांच्या सामाजिक गुंतवणुकीवरील शैक्षणिक संशोधनातील प्रवाह.' म्हणजे कंपन्या नफ्यातला काही वाटा शाळा, दवाखाने, पाणी, झाडं यांवर खर्च करतात. त्यावर विद्वान लोक निबंध लिहितात. आणि त्या निबंधांमध्ये काळानुसार काय काय बदलत गेलं, यावर फुवा प्रबंध लिहिणार. कंपनी बघायची नाही, गाव बघायचं नाही, बघायचे फक्त कागद! मी पेटलेच. म्हटलं, "फुवा, कुणी जेवण वाढलं, कुणी वाढप्याचं वर्णन केलं, आणि तुम्ही त्या वर्णनांचं वर्णन करणार. जेवणारा उपाशी आहे की नाही हे कोण बघणार?" फुवा शांतपणे म्हणाले, "बाई, तू गरम तव्यावर बठीसन लिखस. माले जरा थंडा डोकानं देखू दे, इतला लोके लिखी ऱ्हायनात ते नेमकं काय लिखी ऱ्हायनात."

आता फुवांचं घर दोन खोल्यांचं. निबंधांच्या छायाप्रती इतक्या झाल्या की पलंगाखाली, माळ्यावर, गव्हाच्या कोठीवर सगळीकडे कंपन्यांचं समाजकार्य पसरलं. एके दिवशी डाळीच्या डब्यातून एक निबंध निघाला तेव्हा फुईनं निर्वाणीचा इशारा दिला. मग फुवांना आपल्या धाकट्या भावाची पथारी आठवली. नंदुरबारची मिरची सगळ्यांना ठाऊक आहे. ती वाळते कुठं हे मात्र जाऊन बघावं. धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की मोकळ्या मैदानांवर लाल सतरंज्या अंथराव्यात तशा मिरच्या पसरलेल्या असतात. त्याच पथाऱ्या. फुवांच्या भावाच्या पथारीचा एक कोपरा त्या हिवाळ्यात मोकळा होता. फुवांनी तिथं आपले निबंध वाळत घातले.

वाळत घातले हाच शब्द खरा. व्यापारी जशी मिरची निवडून वेगळी करतो, गर्द लाल इकडे, पांढरट पडलेली तिकडे, तसे फुवा कागदांचे वाफे पाडत. उडू नयेत म्हणून प्रत्येक कागदावर मूठभर मिरच्या. मावळतीच्या टोकाला जुने निबंध. त्यांत सगळीकडे 'दान' हा शब्द. त्याच्या पुढच्या वाफ्यात दानाची 'जबाबदारी' झालेली. मग कंपन्यांनी असा खर्च करावा असा कायदा आला, आणि निबंधांचं असं पीक आलं की फुवांना मिरचीची आणखी जागा मागून घ्यावी लागली. कुठल्या कंपनीनं किती दिलं, कुठं दिलं, का दिलं, दिल्यावर तिच्या शेअरचं काय झालं. आणि उगवतीच्या बाजूला सगळ्यांत नवे, ज्यांत जबाबदारीची 'गुंतवणूक' होऊन बसलेली. फुवा हातात काठी घेऊन मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत नेत, वारकरी प्रदक्षिणा घालतो तसे. "दान म्हंतस तवय देनारा मोठा व्हस. जबाबदारी म्हंतस तवय तो जरा खाले उतरस. आते गुंतवणूक म्हंतस. गुंतवणूक म्हंतं की परतावा उना. मंग परतावा कोनले?" शेजारच्या पथारीवर मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायका हे सगळं ऐकत. त्यांतली एक हसून ओरडायची, "सर, यंदा मिरचीले भाव शे का कागदले?" फुवा तिकडूनच ओरडायचे, "दोन्हीले तेजी शे माय, पन मिरची तोंडले लागस!"

आणि मग वावटळ आली. भर दुपारी, कुठूनशी, मिरच्यांचे देठ आणि धूळ गरगर फिरवत. मूठभर मिरच्यांनी तिच्यापुढं काय टिकायचं! दोन मोठे वाफे एकमेकांत मिसळले. एक होता 'गावाला झालेला लाभ' या विषयाचा, दुसरा 'कंपनीच्या नावाला झालेला लाभ' या विषयाचा. बायका धावल्या, फुवा धावले, भाऊ धावला, आणि सगळ्यांनी मिळून कागद गोळा केले. संध्याकाळी फुवा ते पुन्हा निवडायला बसले. शीर्षकाची पहिली पानं बहुतेक उडून गेली होती, तेव्हा आतला मजकूर वाचून ठरवायचं होतं. त्यांनी एक निबंध वाचला, गावाच्या लाभाचा म्हणून डावीकडे ठेवला. थोड्या वेळानं त्याचं पहिलं पान एका मिरचीखाली सापडलं, तर तो कंपनीच्या नावाचा निघाला. दुसरा उजवीकडे ठेवला, तो गावाचा निघाला. असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. गंमत म्हणजे फुवा चिडले नाहीत. अंधार पडेपर्यंत ते त्या ढिगासमोर उकिडवे बसून होते, रिकाम्या बाकासमोर उभे राहतात तसे. मग मला म्हणाले, "पत्रकवाली, आतमा गाव ऱ्हातं ते माले ओयखता उनं असतं. गाव नहीच शे आतमा."

दुसऱ्या दिवसापासून फुवांनी आपल्याला आयुष्यात जे उत्तम येतं तेच केलं. प्रत्येक निबंधाची हजेरी घेतली. या निबंधात कोण कोण बोललं? कंपनीचे अधिकारी, हजर. सल्लागार, हजर. वार्षिक अहवाल, हजर. भागधारक, त्यांचं सुखदुःख, सगळं हजर. ज्या गावात पैसा गेला त्या गावातला माणूस? पुष्कळ निबंधांत 'लाभार्थी' असा शब्द सापडे, पण त्या लाभार्थ्यानं तोंड उघडलंय असं क्वचितच दिसे. फुवा म्हणत, "लाभार्थी म्हणजे हजेरीपटवर नाव शे, पन बाकवर पोऱ्या नही." मला वाटलं, आता हा माणूस आपल्या बाजूला आला; मी ताबडतोब एका जळजळीत पत्रकाची जुळवाजुळव केली. त्यात एक उदाहरण घातलं, जे फुवांच्या कितीतरी निबंधांत एकातून दुसऱ्यात उतरून आलेलं होतं. धडगावकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर कुण्या कंपनीनं सूर्याच्या उजेडावर चालणारी पिठाची चक्की बसवली होती. काही काळानं पाहणीला आलेल्यांना ती जागेवर सापडलीच नाही. तेव्हा विद्वानांनी लिहिलं की हे गावाच्या अनास्थेमुळं घडलं. मी लिहिलं की हे कंपनीच्या दिखाऊपणामुळं घडलं. फुवांनी दोन्हींवर एकच रेघ ओढली. "तठे गयं कोन व्हतं?"

आणि हात धरून मला उगवतीच्या टोकाला नेलं. तिथं एक लहानसा ढीग होता, सगळ्यांत नवा. त्यात काही निबंध असे होते की ज्यांत माणसं होती. एखादी म्हातारी होती, तिला शाळेच्या रंगापेक्षा शाळेची वाट महत्त्वाची वाटत होती. एक मच्छीमार होता, तो लिहिणाऱ्यालाच उलट प्रश्न विचारत होता. फुवा त्या ढिगावरच्या मिरच्या मुद्दाम निवडून घालत, चांगल्या लालबुंद. "हाऊ ढीग धाकला शे," ते म्हणाले, "पन वाढी ऱ्हायना. देख."

एवढं सुरळीत चाललं असतं तर मग प्रबंध कसला! फुवांच्या गाईड सरांनी, म्हणजे विद्यापीठानं नेमलेल्या त्यांच्या मार्गदर्शकांनी, प्रबंधातलं हजेरीचं प्रकरण वाचून सांगितलं की हे काढून टाका. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, घाबरट होते. "सर, तुम्ही ज्या विद्वानांना गैरहजेरी लावताय, त्यांतलेच कुणीतरी तुमचे परीक्षक असणार," ते म्हणाले, "तुमची मुदत संपत आलीय. वाढवून मिळायची नाही. निवृत्तीही तोंडावर आहे. एवढं एक प्रकरण गाळा, पदवी खिशात." खरोखरच तेव्हा सगळं त्या एका प्रकरणावर येऊन थांबलं होतं. फुवांना ती पदवी किती हवी होती हे त्यांच्या दारावरची पाटी बघितली असती तर कुणालाही कळलं असतं. नोंदणी झाली त्याच आठवड्यात फुईनं हौसेनं नावापुढं 'डॉ.' घालून पाटी रंगवून आणली होती. फुवा लाजले, तेव्हा तिनं 'डॉ.'वर पांढरी चिकटपट्टी लावली आणि पाटी टांगली. उन्हानं पाटीवरचं नाव फिकं पडत चाललं होतं. येणारेजाणारे चिकटपट्टीकडे बघून विचारत, "सर, ही जखमेवरची पट्टी कधी काढणार?" त्या दिवशी फुवा घरी आले आणि बराच वेळ पाटीखाली उभे राहिले. फुई म्हणाली, "मन्हाकडे काय देखतस? मी काय ती पट्टी खाई जासू? तुमले काय करनं ते करा." फुवांनी प्रकरण ठेवलं. गाईड सरांनी सही केली, आणि वर सांगितलं, "उद्या तोंडावर पडलात तर माझ्याकडे बघू नका."

प्रबंधावरच्या खुल्या मौखिक परीक्षेत नावाप्रमाणे कुणीही येऊन बसावं, कुणीही प्रश्न विचारावा असा रिवाज आहे. प्रत्यक्षात नातेवाईक येतात, सहकारी येतात, आणि 'कुणाला काही विचारायचं आहे का' या वाक्याला सगळे समोशांच्या वासाकडे बघत नकारार्थी मान हलवतात. आम्ही सगळे गेलो. फुई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. बाहेरून आलेले परीक्षक सडसडीत, काटेकोर गृहस्थ होते. त्यांनी चक्कीचं उदाहरण काढलं आणि म्हणाले, "हे एकातून दुसऱ्यात उतरत गेलं असं तुम्ही म्हणता. मूळ कागद दाखवाल?" फुवांची याला तयारी होती. सगळे मूळ कागद ते सोबत घेऊन आले होते. पण ज्यात आणले ते पोतं पथारीवरचं होतं. त्यांनी मोठ्या उत्साहानं पोत्याचं तोंड सोडलं आणि कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. पहिली शिंक परीक्षकांना आली. दुसरी गाईड सरांना. मग सगळ्या सभागृहात जी साथ पसरली, तिच्यात विभागप्रमुखांपासून समोसे घेऊन आलेल्या माणसापर्यंत कुणी सुटलं नाही. फुवा एकटे कोरडे. त्यांना मिरची चढतच नाही. ते आपले विचारत होते, "सर, पुढचा संदर्भ दाखवू?" फुई पदरात नाक धरून म्हणाली, "दखाडू नका, दखाडू नका!"

शिंका ओसरल्या आणि डोळे पुसत परीक्षकांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला आतून भीती होती. "ठीक आहे. इतरांच्या लेखनात गाव नाही म्हणता. तुमच्या प्रबंधात आहे का?" फुवांनी चष्मा कपाळावर चढवला. "नाही, सर," ते म्हणाले. "मी कागदांतच हिंडलो. हजेरी घेतली तर माझ्याही नावापुढं गैरहजर असंच लिहावं लागेल." गाईड सरांनी डोळे मिटून घेतले. परीक्षक म्हणाले, "मग हे प्रकरण मी का मान्य करावं?" फुवा म्हणाले, "सर, कोण आलं नाही हे आधी कळलं, तरच त्याला आणायला कुणीतरी निघतं ना."

रिवाजाप्रमाणे परीक्षकांनी सभागृहाकडे बघून विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" आणि मागच्या रांगेतून सुनीता उठली.

सुनीता कोण ते सांगायला हवं. सातपुड्यातल्या पाड्यावरची ही मुलगी फुवांची जुनी विद्यार्थिनी. एका वर्षी दिवाळीनंतर तिचा बाक रिकामा दिसला. आईवडिलांबरोबर ती गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. फुवा सुरतेच्या पॅसेंजरनं तिकडं पोचले आणि उसाच्या फडाच्या बांधावर उभे राहून वर्गात मारतात तशी हाक मारली, "सुनीता!" आणि त्या दाट उसातून, हातात कोयता असतानाच, सवयीनं आवाज आला, "हजर, सर!" तिच्या बापाला आधी वाटलं कुणी अधिकारी आला. मग तो इतका हसला की परीक्षेपुरतं तिला पाठवायला तयार झाला. तीच सुनीता आता एम.कॉम. होऊन त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवत होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आणायला जाणाऱ्याला तिथली बोली यावी लागते का?" फुवा म्हणाले, "यावी लागते. मला येत नाही." "मला येते," सुनीता म्हणाली, आणि खाली बसली.

परीक्षक आणखी एकदा शिंकले, मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि गाईड सरांना म्हणाले, "पुढच्या प्रबंधाचा विषय मिळाला तुम्हाला. हा मंजूर." घरी आल्यावर फुईनं चपलासुद्धा न काढता पाटीवरची पट्टी ओढली. सगळं नाव उन्हानं विटलेलं आणि 'डॉ.' मात्र कोरं करकरीत, जणू नावापेक्षा पदवीच तरुण. फुवा म्हणाले, "मी जुना व्हई गऊ नि डॉक्टर नवा शे." आणि पोतं उचलून पथारीवर पोचवायला निघून गेले.

सुनीताची नोंदणी झाली. ज्या गावांविषयी इतकं लिहिलं गेलं तिथं जाऊन, तिथल्याच बोलीत विचारायचं, असा तिचा विषय. सुरुवात त्या चक्कीच्या पाड्यापासून. फुवांनीच सुचवलं की होळीच्या आधी जाऊ, ऊसतोडीला गेलेली माणसं तोवर परत येतात. आत्ता गेलं तर निम्मा पाडा गैरहजर. आम्ही तिघं गेलो. धडगावच्या पुढं जीप, मग चढ. एका अंगणात बायका जमल्या. सुनीतानं तिथल्या पावरी बोलीत विचारायला सुरुवात केली, पण बायकांची नजर खुर्चीवर बसलेल्या फुवांकडे. जी ती शाळेतल्यासारखी ताठ होऊन शुद्ध मराठीत म्हणे, "हो सर, चांगलं आहे सर." फुवांना वर्गातल्या मुलांचे चेहरे वाचायची सवय, त्यांना ते लगेच कळलं. ते उठले, खाली उतारावर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले, घराकडे पाठ करून. मला खूण केली, "तूबी ये. पत्रकवालीसमोरबी कोनी बोलत नही."

मी जाऊन बसले. मोहाची फुलं टपटप पडत होती, एक त्यांच्या टकलावर. थोड्या वेळानं वरच्या अंगणातून पहिलं हसू ऐकू आलं. मग बोलणं, मग बोलण्यावर बोलणं. आणि त्या सगळ्याच्या पलीकडून, वरच्या टेकडीवरून, एकसारखी घरघर. फुवांनी कान टवकारले. "हाऊ आवाज कसाना?"

"चक्कीचा वाटतो," मी म्हणाले.

"कोनती चक्की?"

मी उत्तर द्यायच्या आत सुनीताच धावत खाली आली, हसून हसून तिचा श्वास लागलेला. चक्की खालच्या रस्त्यालगत बसवली होती, गाडी येते तिथं. पण बहुतेक घरं वरच्या पाड्यावर. दळण घेऊन कोण उतरणार आणि चढणार? मग सगळ्यांनी मिळून चक्की सोडवली, उजेड घेणाऱ्या काचांसकट, आणि खांद्यावरून वर नेऊन बसवली. तेव्हापासून ती वरच आहे, चालू आहे. पाहणीवाले खालीच बघून गेले. त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण त्यांनी कुणाला विचारलंच नाही.

फुवा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "इतला कागद!" ते म्हणत होते. "इतला कागदमा गैरहजर, नि आठे पीठ दळी ऱ्हायनी!" मी माझ्या पत्रकाबद्दल काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. ते एकदम उठले, वर जाऊन चक्की डोळ्यांनी बघायची म्हणून. चार पावलं चढले. वरच्या अंगणातलं बोलणं त्यांना येताना पाहून थबकलं. फुवाही थबकले. मग हळूच मागे वळून पुन्हा झाडाखाली येऊन बसले.

या उन्हाळ्यात ते निवृत्त होतील. त्यांच्या वर्गात दुसरं कुणीतरी हजेरी घेईल, बहुधा आलेल्यांचीच. सकाळची एसटी वेळेवर सुटेल. त्या झाडाखाली मी त्यांच्याकडे बघत होते. न आलेल्यांसाठी जन्मभर हाका मारणारा हा माणूस, लोकांना बोलता यावं म्हणून स्वतः दूर जाऊन बसला होता, आणि मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. वर बोलणं पुन्हा सुरू झालं. आधी एक आवाज, मग दुसरा. फुवांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण प्रत्येक नव्या आवाजाला त्यांचं एकेक बोट आपोआप मिटत होतं. मी बघतेय हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी तो हात पटकन खिशात घातला. आत बोटं चालूच होती.